टूरिंग मोटारसायकलची घरच्या घरी देखभाल: कामाचा क्रम आणि बिघाडाचा शोध

कोल्हापुरातून आंबोलीमार्गे गोव्याला, गगनबावड्यावरून कोकणात किंवा महामार्गाने बेंगळुरूकडे मोटारसायकलने जाणारे अनेक जण तेल बदलणे, चेन ताणणे, ब्रेक पॅड बदलणे ही कामे आता घरीच करतात. यांतले प्रत्येक काम सुटे पाहिले तर बहुधा बरोबर झालेले असते. चुकतो तो कामांचा क्रम. चेन आधी ताणली जाते आणि नंतर मागचे चाक काढले जाते, त्यामुळे चेनचे माप पुन्हा बिघडते. तेल काढण्यासाठी इंजिन गरम केले जाते आणि मग आठवते की टॅपेट (व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवायची बारीक फट) थंड इंजिनावर तपासायचे होते. टायरची हवा पंपावर पोहोचल्यावर, म्हणजे टायर तापल्यानंतर मोजली जाते. बिघाड शोधतानाही हेच होते: फ्यूज न पाहता बॅटरी नवी आणली जाते.

पुढे दिलेला क्रम एका साध्या हिशेबावर बेतलेला आहे. थंड गाडीवरची कामे आधी, गरम इंजिनाचे काम त्यानंतर, मग चाके व ब्रेक आणि चेन सर्वांत शेवटी. साधारण २०० ते ६५० सीसीच्या, चेनवर चालणाऱ्या, डिस्क ब्रेक आणि फ्यूएल इंजेक्शन असलेल्या गाड्या डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिले आहे. जेथे आकडे दिले आहेत तेथे ते सर्वसाधारण आहेत. आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडा वेगळा असेल तर पुस्तिकेचाच मानावा.

## तयारी

देखभालीचा दिवस निघण्याच्या निदान आठ दिवस आधीचा असावा. पॅड झिजलेले निघाले, बेअरिंग वाजू लागले किंवा आटे गेले, तर तो भाग मागवायला आणि बसवायला वेळ हातात राहिला पाहिजे. आदल्या रात्री उघडलेली गाडी सकाळी घाईत जोडली जाते आणि घाईत राहिलेला एखादा नट घाटातच आठवतो.

जागा सपाट आणि सावलीची हवी. पेठेतल्या उताराच्या बोळात डबल स्टँडवरची गाडीसुद्धा पाना ओढताना पुढे सरकते, त्यामुळे फरशीचे अंगण किंवा पार्किंगचा सपाट कोपरा शोधावा. डबल स्टँड नसलेल्या गाडीला मागचा पॅडॉक स्टँड घ्यावा. चिमट्याखाली (मागचे चाक धरणाऱ्या दोन बाहूंखाली) विटा रचून गाडी तोलण्याचा प्रकार करू नये.

हत्यारांमध्ये ८ ते १९ पर्यंतचे रिंग पाने, गोटी पान्यांचा संच, मागच्या ॲक्सलच्या मापाची मोठी गोटी, ॲलन की, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच), टायर गेज आणि साधा डिजिटल मल्टिमीटर एवढे पुरते. यात एकाच हत्यारावर पैसे खर्च करायचे असतील तर ते टॉर्क पान्यावर करावेत. इंजिनाच्या ॲल्युमिनियममध्ये बसणारा सहा मिलिमीटरचा बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरवर पुरेसा आवळला जातो, आणि हाताच्या अंदाजाने तो हमखास त्याच्या पुढे जातो. आटे गेलेच तर शिवाजी उद्यमनगरातल्या लेथवाल्यांकडे स्टीलचा इन्सर्ट टाकून ते पुन्हा करून मिळतात, पण त्यासाठी तो भाग सोडवून न्यावा लागतो आणि क्रँककेस काही पिशवीत घालून नेता येत नाही.

तेल, तेलाचा फिल्टर, ड्रेन बोल्टचा नवा वायसर, न उघडलेली ब्रेक ऑइलची बाटली, चेनला लावायला ईपी ९० गिअर ऑइल, रॉकेल, मऊ ब्रश, चिंध्या आणि तेल धरायला पसरट घमेले या वस्तू काम सुरू करण्यापूर्वी हाताशी असाव्यात. काढलेले बोल्ट ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने थाळीत मांडावेत आणि प्रत्येक भाग सोडवण्यापूर्वी मोबाइलवर त्याचा फोटो काढावा. केबल कोणत्या बाजूने फिरवली होती, हा प्रश्न जोडताना पडतोच.

सावधान: टाकी किंवा पेट्रोलच्या नळीशी काम असेल तेव्हा बंद खोलीत बसू नये आणि देवघरातला दिवासुद्धा जवळ नसावा. सायलेन्सर दिसायला थंड वाटला तरी चालवून आणल्यानंतर बराच वेळ हात भाजतो.

## टप्पा १: धुणे आणि वाळवणे

घाणेरड्या गाडीवर तपासणी होत नाही. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी रस्त्यावर आणलेली शेतातली काळी माती आणि राधानगरी-गगनबावड्याकडची तांबडी माती इंजिनाखाली, चिमट्याच्या सांध्यात आणि फोर्कच्या सीलभोवती घट्ट बसते. तिच्याखाली तेलाची गळती असेल तर ती ओलसर चिखलासारखीच दिसते आणि नजरेतून सुटते.

साधा पाण्याचा पाइप, बादली आणि ब्रश वापरावा. सर्व्हिसिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने चाकांची बेअरिंग, चेनच्या कड्या, रेडिएटरच्या जाळ्या आणि वायरचे कनेक्टर यांवर थेट मारा झाला की पाणी सीलच्या आत शिरते आणि ग्रीस धुऊन निघते. धुतल्यावर गाडी किमान काही तास उन्हात वाळू द्यावी. पावसाळ्यात ऊन मिळाले नाही तर रात्रभर आडोशाला उभी ठेवून दुसऱ्या दिवशी काम सुरू करावे.

तपासणी: वाळलेल्या गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा टाकून ठेवावा. सकाळी त्यावर थेंब दिसला तर त्याच्या नेमक्या वर काय आहे ते पाहावे.

## टप्पा २: थंड गाडीवरची मापे

इंजिन अजिबात चालू न करता हा टप्पा पूर्ण करायचा आहे. गाडी सकाळी पहिल्यांदा हातात घेतल्यावर टायरची हवा मोजावी. या वर्गातल्या गाड्यांना पुढे साधारण २५ ते २९ आणि मागे ३२ ते ३६ पीएसआय हवा लागते. मागे माणूस आणि सामान असेल तर पुस्तिकेत दिलेला वाढीव आकडा धरावा. टायरच्या खाचांमधली झिजेची उंचवट्याची खूण टायरच्या पृष्ठभागाशी मिळू लागली असेल तर दौऱ्यापूर्वी टायर बदलावा. टायरच्या बाजूवरील चार आकड्यांच्या खुणेत पहिले दोन आकडे आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. '२३२१' म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत असूनही बाजूला बारीक तडे दिसत असतील तर त्या टायरवर लांब जाऊ नये.

नंतर बॅटरी. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे. १२.४ च्या आसपास असेल तर चार्ज करावी आणि १२.२ च्या खाली असेल तर ती निम्म्यावर आली आहे असे समजावे. बॅटरी सोडवताना निगेटिव्ह तार आधी काढायची आणि जोडताना ती शेवटी लावायची. पॉझिटिव्हचा नट सोडवताना पाना फ्रेमला टेकला तरी ठिणगी पडू नये, एवढ्याचसाठी हा क्रम आहे.

टॅपेट तपासण्याची वेळही हीच. स्क्रू आणि लॉकनटचे टॅपेट असलेल्या इंजिनावर पिस्टन कॉम्प्रेशनच्या वेळी सर्वांत वर आणून फीलर गेजची पाती किंचित ओढ देत सरकते का ते पाहावे. शिम बदलून बसवायच्या इंजिनाला मात्र घरी हात लावू नये. टॅपेट थोडे सैल राहिले तर ते वाजतात आणि त्यामुळे लक्षात येतात. घट्ट राहिले तर आवाज येत नाही, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि हळूहळू जळतो. त्यामुळे इंजिन अगदी शांत करण्याच्या हौसेने टॅपेट आवळू नयेत.

## टप्पा ३: एअर फिल्टर आणि प्लग

कागदी फिल्टर झटकून किंवा आतून बाहेर हलकी हवा मारून साफ करावा. बाहेरून आत हवा मारली तर धूळ कागदात रुतते. धूळ काळपट झाली असेल तर तो बदललेला बरा. फोमचा फिल्टर रॉकेलमध्ये धुऊन, पिळवटून न काढता दाबून, पूर्ण सुकवून त्याच्या तेलासह बसवावा. डब्याच्या तळाशी पाणी किंवा तेल साचले असेल तर खालच्या नळीचे टोपण काढून ते सोडून द्यावे.

प्लग थंड इंजिनावरच काढावा. त्याभोवतीच्या खोबणीतली माती आधी फुंकून काढावी, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. पुन्हा बसवताना पहिले काही आटे नुसत्या बोटांनी फिरले पाहिजेत. पाना लावूनच प्लग आत जात असेल तर तो तिरका चढतो आहे. गॅप बहुतेक गाड्यांना ०.७ ते ०.८ मिलिमीटर लागते.

## टप्पा ४: इंजिन ऑइल

थंड कामे संपली. आता इंजिन चार-पाच मिनिटे चालवून बंद करावे, म्हणजे तेल पातळ होऊन तळाची घाण घेऊन उतरते. तापून लाल झालेल्या इंजिनाखाली हात घालण्याची गरज नाही.

१. भरण्याचे टोपण आधी उघडावे, म्हणजे हवा मिळून तेल एकसारखे उतरते आणि टोपण निघत नाही हे तेल काढून झाल्यावर कळण्याचा प्रसंग येत नाही.

२. ड्रेन बोल्ट शेवटच्या आट्यांवर बोटांनी आत दाबून धरून सोडवावा आणि एकदम बाजूला ओढावा. गाडी सरळ उभी ठेवून तेल निथळू द्यावे.

३. निघालेले तेल पाहावे. काळे असणे साहजिक आहे. चुंबकाच्या बोल्टवर राखाडी मऊ लेप असणेही साहजिक आहे. चमकणाऱ्या चकत्या किंवा नखाला टोचणारे कण दिसले तर दौरा पुढे ढकलावा. तेल दुधाळ चहासारखे दिसले तर त्यात पाणी किंवा कूलंट मिसळला आहे.

४. फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरचा ओ-रिंग इंजिनाला चिकटून राहिला नाही ना, हे बोट फिरवून पाहावे. एकावर एक दोन ओ-रिंग बसले की इंजिन चालू होताच तेल बाहेर येते. नव्या ओ-रिंगला तेलाचे बोट लावावे.

५. ड्रेन बोल्ट नव्या वायसरसह पुस्तिकेतल्या टॉर्कवर आवळावा.

६. सांगितलेल्या मापापेक्षा थोडे कमी तेल ओतावे, इंजिन दोन-तीन मिनिटे चालवावे, बंद करून तितकाच वेळ थांबावे आणि गाडी सरळ उभी धरून पातळी पाहून उरलेले भरावे. साइड स्टँडवर पाहिलेली पातळी खोटी असते. डिपस्टिक काही गाड्यांत आटे फिरवून तपासायची असते, तर काहींत नुसती टेकवून.

तेलाच्या डब्यावर 'जासो एमए२' ही खूण असावी. बहुतेक मोटारसायकलींत क्लच याच तेलात बुडालेला असतो आणि घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेले मोटारीचे तेल भरले की क्लच घसरू लागतो. 'जास्त भरले तर जास्त वंगण' हा समजही सोडून द्यावा. वाढीव तेल श्वसननळीतून एअर फिल्टरच्या डब्यात जाते. जुने तेल गटारात ओतू नये, ते पुढे कोठे जाते हे पंचगंगेकाठच्या माणसाला सांगायला नको. डब्यात भरून गॅरेजवाल्याच्या पिंपात द्यावे.

## टप्पा ५: हँडल, चाके आणि ब्रेक

पुढचे चाक उचलून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवावे. मध्यावर ते खाचेत बसल्यासारखे अडकत असेल तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरते ती बेअरिंग) गेला आहे. फोर्कचे खालचे टोक धरून पुढे-मागे हलवल्यावर वर 'टक' असे जाणवले तर तो सैल आहे. चाक दोन्ही बाजूंना धरून आडवे हलवल्यावर खेळ लागला तर बेअरिंग पाहावे. तारांच्या चाकावर प्रत्येक तारेला लहान पान्याने हलकेच टोकावे; घट्ट तार खणखणीत वाजते आणि सैल तार लगेच भद्द आवाजाने वेगळी पडते. हे काम दोन मिनिटांचे आहे आणि आश्चर्य म्हणजे कोणीच करत नाही. एखाद-दुसरी सैल तार जागेवर आणता येते, पण अनेक सैल असतील तर चाकाचा आऊट काढणाऱ्या कारागिराकडेच जावे.

ब्रेक पॅडवरचे अस्तर एक मिलिमीटरच्या जवळ आले असेल किंवा त्यावरची खाच नाहीशी झाली असेल तर पॅड बदलावेत. दौरा लांबचा असेल तर दोन मिलिमीटर उरले असतानाच बदललेले चांगले, कारण उसाच्या मातीचा चिखल पॅडवर घासत राहिला की पावसातल्या दोन-तीन दिवसांत झीज डोळ्यांना दिसते.

पॅड बदलताना पुढील क्रम मोडू नये. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) काढल्यावर ब्रेक लिव्हर कोणाकडूनही दाबला जाऊ नये, म्हणून हँडलवर चिंधी बांधून ठेवावी. लहान मुले घरात असतील तर हे अधिकच लागू आहे. पिस्टन आत ढकलण्यापूर्वी त्याचा उघडा भाग ब्रेक क्लीनरने स्वच्छ करावा, अन्यथा चिखलाचा थर सीलवर ओढला जातो आणि पिस्टन अडकू लागतो. पिस्टन आत जाताना वरच्या डबीतले ब्रेक ऑइल चढते. डबी काठोकाठ असेल तर थोडे आधी काढून घ्यावे. सरकणाऱ्या पिनांना सिलिकोन ग्रीसचा पातळ हात द्यावा आणि त्याचा कण पॅडला किंवा डिस्कला लागू देऊ नये.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे. डॉट ४ द्रव हवेतला ओलावा ओढून घेतो. कोरडा असताना तो किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, मात्र ओलावा शोषल्यानंतर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. करूळ किंवा आंबोलीच्या उतारावर ब्रेक सतत दाबून धरला की नेमके हेच भोवते: द्रव उकळतो, वाफ होते आणि लिव्हर हँडलला टेकतो. म्हणूनच मागच्या वर्षीची उघडी बाटली कोल्हापूरच्या पावसाळ्यानंतर वापरू नये, ती कितीही भरलेली दिसो.

हवा काढताना लिव्हर दाबून धरायचा, ब्लीडर (कॅलिपरवरचा हवा काढण्याचा स्क्रू) पाव फेरा सोडायचा, द्रव नळीत आला की ब्लीडर बंद करायचा आणि त्यानंतरच लिव्हर सोडायचा. ब्लीडर उघडा असताना लिव्हर सोडला तर बाहेरची हवा आत जाते आणि केलेले सारे काम वाया जाते. दर चार-पाच वेळांनंतर डबी पाहावी. तळ उघडा पडला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. द्रव रंग खातो, त्यामुळे टाकीवर थेंब पडताच पाण्याने धुवावा. डॉट ४ च्या गाडीत डॉट ५ हे सिलिकोनचे तेल कधीही मिसळू नये. एबीएसच्या मॉड्युलेटरमध्ये हवा गेली असेल तर ती अनेक गाड्यांत कंपनीच्या संगणकाविना निघत नाही. अशी गाडी घरी ताटकळत ठेवू नये.

तपासणी: लिव्हर घट्ट दाबून मिनिटभर धरावा. तो हळूहळू खाली बसत गेला तर कोठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे सील गेले आहे.

## टप्पा ६: चेन

सर्वाधिक चुका येथे होतात, म्हणून थोडे सविस्तर. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये आणि चावी खिशात असल्याशिवाय चेनला हात लावू नये. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनला चिंधी लावणाऱ्यांची बोटे स्प्रॉकेटमध्ये गेल्याच्या हकिकती प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकायला मिळतात. चाक हातानेच फिरवावे.

साफ करण्यासाठी रॉकेल आणि मऊ ब्रश वापरावा. पेट्रोल किंवा तारेचा ब्रश वापरला तर कड्यांमधले ओ-रिंग खराब होतात, आणि चेनचे खरे वंगण त्या रिंगांच्या आत कोंडलेले असते. एखाद्या कडीभोवती तांबूस भुकटी दिसत असेल तर तिथला रिंग गेला आहे व आतली पिन कोरडी चालते आहे. अशी चेन तेल लावून सुधारत नाही.

झीज पाहण्यासाठी मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या बाजूला चेनची कडी धरून मागे ओढावी. दाताचा निम्म्याहून अधिक भाग उघडा पडला, किंवा दात एका बाजूला झुकून टोकदार झाले असतील, तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट यांचा पूर्ण संच बदलावा. जुन्या स्प्रॉकेटवर नवी चेन चढवणे ही काटकसर नाही. जुने दात नव्या चेनलाही आपल्यासारखीच करतात.

ताण बसवण्याचा क्रम असा:

१. चेन कोठे मोजायची, साइड स्टँडवर की डबल स्टँडवर, हे पुस्तिकेत पाहावे. रस्त्यावरच्या गाड्यांना खालच्या बाजूच्या मध्यावर साधारण २५ ते ३५ मिलिमीटर खेळ लागतो, तर लांब सस्पेन्शनच्या ॲडव्हेंचर गाड्यांना त्याहून अधिक.

२. चाक थोडे थोडे फिरवत चार-पाच ठिकाणी पट्टीने खेळ मोजावा आणि जेथे चेन सर्वांत घट्ट आहे ती जागा खडूने खुणावी. ताण त्याच जागी बसवायचा. सैल जागी बसवला तर घट्ट जागा आली की चेन तारेसारखी ताणली जाते आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर ओढ येते. घट्ट आणि सैल जागांत मोठा फरक असेल तर तो झिजलेल्या चेनचा पुरावा समजावा.

३. ॲक्सलचा नट सोडवून दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर पाव पाव फेऱ्याने सारखे फिरवावेत. चिमट्यावरच्या खुणा दोन्ही बाजूंना जुळल्या तरी मागून वाकून चेन सरळ रेषेत जाते का ते पाहावे, कारण खुणांमध्येही थोडीफार चूक असू शकते.

४. चाक पुढे टेकलेले राहावे म्हणून चेन आणि मागचे स्प्रॉकेट यांच्यामध्ये जाड चिंधीची घडी ठेवून चाक हाताने मागे फिरवावे. घडी दाबली गेली की चाक ॲडजस्टरवर घट्ट बसते. त्याच स्थितीत ॲक्सल टॉर्कवर आवळावा आणि घडी काढावी.

५. आवळल्यानंतर खेळ पुन्हा मोजावा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. नट आवळताना चाक किंचित सरकतेच आणि खेळ पाच मिलिमीटरने सहज बदलतो.

६. स्प्लिट पिन असेल तर नवी घालावी. क्लिपच्या जॉइंटची चेन असेल तर क्लिपचे बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला असावे.

७. दोघे जण सामानासह बसून चेन तपासावी. बसल्यावर ती पूर्ण ताठ होत असेल तर ताण जास्त झाला आहे, मग मोकळ्या गाडीवरचे माप कितीही बरोबर असो.

तेल चेनच्या आतल्या बाजूने, खालच्या पट्टीवर लावावे. चाकाच्या वेगाने ते आपोआप बाहेर पसरते. रात्री लावून सकाळी जादा तेल पुसावे. दर ५०० किलोमीटरला हे पुरते, पण दिवसभर पावसात चालवली असेल तर मुक्कामी पोचल्यावर त्याच संध्याकाळी लावावे.

सावधान: मागचे चाक हलल्यावर मागच्या ब्रेकचे पॅड सरकलेले असू शकतात. गाडी स्टँडवरून उतरवण्यापूर्वी दोन्ही ब्रेक घट्ट लागेपर्यंत दाबून घ्यावेत. हे विसरल्यास पहिला ब्रेक फाटकात लागत नाही.

## टप्पा ७: सामान लादून चाचणी

दौऱ्याचे सगळे सामान बांधूनच चाचणी घ्यावी. मोकळ्या गाडीची चाचणी ही वेगळ्याच गाडीची चाचणी असते. मागच्या शॉकचा प्रीलोड वजनाप्रमाणे वाढवावा, हेडलाइटचा झोत वर गेला असेल तर खाली आणावा आणि पिशवीचा पट्टा सायलेन्सरला किंवा चेनला कोठे लागत नाही ना ते पाहावे. हँडल पूर्ण वळवल्यावर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जाऊन इंजिनाचा वेग वाढत असेल तर केबल चुकीच्या बाजूने गेली आहे. क्लच लिव्हरच्या बुडाशी दोन-तीन मिलिमीटर खेळ ठेवावा.

पन्हाळा यासाठी सोयीचा आहे. शहरापासून साधारण २० किलोमीटर, चढावर क्लच आणि उतारावर ब्रेक दोन्ही कळतात, आणि काही बिघडलेच तर परत येणे सोपे आहे. पहिले काही किलोमीटर सावकाश जावे, कारण नव्या पॅडना डिस्कवर बसायला वेळ लागतो.

परत आल्यावर लगेच काही सोडवू नये. गाडी रात्रभर थंड होऊ द्यावी आणि सकाळी पुन्हा पुठ्ठ्यावरचे थेंब, तेलाची पातळी, चेनचा खेळ, ॲक्सलचे नट आणि कॅरिअरचे बोल्ट पाहावेत. तापून थंड झाल्यावर जे सैल व्हायचे ते याच वेळी सापडते.

## बिघाड शोधताना

दोन नियम पाळावेत. गाडीत शेवटचा हात ज्या भागाला लागला होता, तो आधी तपासावा. काल एअर फिल्टर बसवला आणि आज गाडी दचके देते, तर इंजेक्टरचा संशय नंतर घ्यावा. दुसरे, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. प्लग, फिल्टर आणि पेट्रोल एकदम बदलल्यावर गाडी सुधारली तरी दोष कशात होता ते कळत नाही, आणि तो दोष परत आला तर पुन्हा तिन्ही बदलावे लागतात.

सेल्फ फिरत नाही. किल स्विच, साइड स्टँड आणि क्लचचा स्विच हे तिन्ही पाहिल्याशिवाय सीट उघडू नये. चिखलाने साइड स्टँडचा स्विच अडकणे हे पावसाळ्यात नेहमीचे कारण आहे. नुसता 'कट्-कट्' असा रिलेचा आवाज येत असेल तर बॅटरी अशक्त आहे किंवा तिचे नट सैल आहेत. सेल्फ मारताना मल्टिमीटरवर व्होल्टेज १० च्या खाली फार घसरले तर बॅटरी थकली आहे. बॅटरी नवी घालण्यापूर्वी चार्जिंग मोजावे: इंजिन थोडे रेस केल्यावर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. तेवढे दिसत नसतील तर नवी बॅटरीही दोन दिवसांत उतरते.

सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही. चावी फिरवल्यावर टाकीतला पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो का ते शांत जागी ऐकावे. आवाज नसेल तर फ्यूज आणि रिले पाहावा. गाडी आडवी पडली असेल तर पडल्याचा सेन्सर इंजिन बंद ठेवतो. अनेक गाड्यांत चावी एकदा बंद करून पुन्हा फिरवल्यावर तो पूर्ववत होतो. गाडी महिनोन्महिने उभी असेल तर पेट्रोलचा विचार करावा. सध्याच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी ओढून घेते. पाणी वाढले की ते मिश्रण वेगळे होऊन टाकीच्या तळाशी, म्हणजे नेमके पंपाच्या तोंडाशी बसते. अशा वेळी टाकी पूर्ण रिकामी करून ताजे पेट्रोल भरावे.

पावसात मिसिंग होते, ऊन पडल्यावर थांबते. प्लगची टोपी आणि तिच्याकडे येणारी वायर पाहावी. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून टोपीवर पाण्याचा हलका फवारा मारला तर तडा असलेल्या जागी निळसर ठिणगी दिसते. हात लांब ठेवावा.

चढावर इंजिन ओरडते, पण गाडी त्या मानाने पुढे जात नाही. क्लच घसरतो आहे. केबलचा खेळ, त्यानंतर तेलाचा प्रकार, आणि शेवटी क्लच प्लेट या क्रमाने पाहावे.

पाणी ओलांडल्यावर ब्रेक लागत नाही. डिस्क ओली आहे. हलका ब्रेक धरून थोडे अंतर गेल्यावर पकड परत येते. येत नसेल तर पॅडवर तेल आले आहे का ते पाहावे.

## पुरात बुडालेली गाडी

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात शहरातल्या कित्येक गाड्या हँडलपर्यंत पाण्यात होत्या, आणि त्यांतल्या अनेकांची इंजिने पाण्याने नव्हे, तर पाणी ओसरल्यावर मारलेल्या सेल्फने गेली. पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. असे नुकसान विम्याच्या साध्या पॉलिसीत बहुधा धरले जात नाही, म्हणून विमा कंपनीला कळवणे, फोटो काढणे आणि गाडीला हात लावणे याच क्रमाने जावे.

चावी न फिरवता बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी. एअर फिल्टरचा डबा उघडून पाणी काढावे, प्लग काढावा, मग ड्रेन बोल्ट सोडावा. पाणी तेलाखाली बसलेले असल्याने आधी तेच बाहेर येते. टाकी रिकामी करावी. प्लग काढलेल्या स्थितीत, वरचा गिअर टाकून मागचे चाक हाताने हळू फिरवावे, म्हणजे सिलिंडरमधले पाणी प्लगच्या भोकातून उडून जाते. तोंड त्या भोकासमोर नसावे. नंतर सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून चाक पुन्हा काही वेळा फिरवावे. सर्व कनेक्टर उघडून कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन पूर्ण वाळवावेत. इंजिनाचा संगणक पाण्याखाली गेला असेल तर येथेच थांबून गाडी टेम्पोत घालून वर्कशॉपला न्यावी.

संगणक कोरडा असेल तर नवे तेल, नवा फिल्टर आणि ताजे पेट्रोल घालून इंजिन काही मिनिटे चालवावे आणि तेल पुन्हा काढावे. ते दुधाळ निघेल. ते स्वच्छ निघेपर्यंत दोन-तीन वेळा बदलावे लागते, त्यामुळे सुरुवातीला स्वस्तातले, पण 'एमए२' खुणेचेच तेल वापरावे आणि शेवटी नेहमीचे भरावे. ब्रेक ऑइल पूर्ण बदलावे, कॅलिपर उघडून गाळ काढावा आणि चाकांची व कोनसेटची बेअरिंग चांगली वाटत असली तरी उघडून नव्या ग्रीसने भरावीत, कारण पुराच्या गाळाने त्यांना लागलेला गंज महिना-दोन महिन्यांनी आवाज करू लागतो.